किलोमीटर मोजा, पण सोबत वजनही मोजा

मागच्या अंकात मी एक मत मांडलं होतं. पेट्रोल-डिझेलमधून घेतला जाणारा रस्त्याचा कर हळूहळू काढून टाकावा आणि त्याजागी गाडी जेवढे किलोमीटर चालते त्या हिशेबाने पैसा घ्यावा, असं ते मत. त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली, आणि बरीचशी रागावलेली आहेत. रागाला कारण आहे, म्हणून निवडक पत्रांना सविस्तर उत्तर देतो. मी सार्वजनिक बांधकाम खात्यातला निवृत्त शाखा अभियंता. साक्री, शिरपूर, चोपडा, धडगाव इथे माझी नोकरी गेली. खड्डे बुजवणं, साइडपट्ट्या भरणं, मोऱ्या साफ करणं आणि वाहतूक गणनेच्या तंबूत बसून गाड्या मोजणं, हेच काम केलं.

प्रश्न: रावसाहेब, माझ्या दोन दहा चाकी गाड्या आहेत. सावद्याहून केळी भरून दिल्लीला पाठवतो. गाडीचा कर भरतो, डिझेलमध्ये कर आहे, वर नाक्यानाक्यावर टोल. आता तुम्ही म्हणता किलोमीटरला कर. कितला डाव पैसा देवाना? भाडं काही वाढत नाही.
— केळी वाहतूकदार, सावदा

उत्तर: दादा, आधी हिशेब मांडू. मे २०२२ मध्ये केंद्राने इंधनावरचं उत्पादन शुल्क कमी केलं, तेव्हा डिझेलवर लिटरमागे १५ रुपये ८० पैसे आणि पेट्रोलवर १९ रुपये ९० पैसे राहिले. तुमची भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर देते असं धरा. म्हणजे त्या दराने केंद्राचाच कर किलोमीटरला ३ रुपये ९५ पैसे झाला. सावदा ते दिल्ली हजाराच्या वर किलोमीटर, तेव्हा एका खेपेला चार हजार रुपये डिझेलच्या बिलातून गेले. राज्याचा व्हॅट यात धरलेलाच नाही. लिटरला पंधरा किलोमीटर देणारी पेट्रोल कार याच हिशेबाने किलोमीटरला १ रुपया ३३ पैसे भरते. तेव्हा अंतरावरचा कर तुम्ही आजही देता, तो पंपावर घेतला जातो एवढंच. माझं म्हणणं आहे की तो पंपावरून काढावा आणि सरळ रस्त्यावर मांडावा. पंपावरचा तसाच ठेवून वर किलोमीटरचा लावला, तर मी तुमच्या बाजूने उभा राहीन.

इंधनावर कर घेऊन रस्ते करायचे ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. पुणे विद्यापीठाचं ग्रंथालय ज्यांच्या नावाचं आहे, तेच हे जयकर. पेट्रोलवर जादा कर लावून तो पैसा फक्त रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा, अशी शिफारस त्यांच्या समितीने केली आणि १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. त्या काळात हा मार्ग योग्यच होता. जो जास्त फिरतो तो जास्त पेट्रोल जाळतो, आणि वसुलीला वेगळा माणूस लागत नाही. पुढे २००० साली या निधीसाठी कायदा झाला. २०१८ मध्ये त्याच्या नावात रस्त्यांबरोबर पायाभूत सुविधा आल्या आणि पैसा रस्त्यांखेरीज इतर कामांनाही जाऊ लागला. मघाच्या १९ रुपये ९० पैशांत रस्ते व पायाभूत सुविधा उपकर म्हणून फक्त ५ रुपये होते, डिझेलच्या १५ रुपये ८० पैशांत २ रुपये. बाकीचा कर रस्त्यांसाठी राखलेला नव्हता. आपण पंपावर पैसे मोजतो तेव्हा सगळे रस्त्याला गेले असं मनात धरतो, तसं ते नाही.

आता हा झरा आटणार आहे. नव्या गाड्या कमी इंधन खातात, टॅक्सी-टेम्पो सीएनजीवर गेले, बॅटरीच्या गाड्या तर पंपावर येतच नाहीत. आपल्या राज्याच्या २०२५ च्या धोरणाने इलेक्ट्रिक कारला समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतू इथला टोलही माफ केला. हवा स्वच्छ राहावी म्हणून काही वर्षं सूट देणं मला पटतं. पण रस्ता सगळ्यांनी वापरायचा आणि त्याचा पैसा फक्त जुन्या डिझेल गाडीवाल्याने भरायचा, हे फार काळ चालणार नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने १९१९ मध्ये त्या देशातला पहिला इंधन कर लावला, आणि त्याच राज्याने २०१५ मध्ये स्वेच्छेने येणाऱ्या गाड्यांसाठी मैलाला दीड सेंट असा कर सुरू केला. जे मैलाचे पैसे भरतात त्यांना इंधनावर भरलेला राज्याचा कर वजा करून मिळतो. हे वजा करणं मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. न्यूझीलंडने तर १९७८ पासून डिझेल गाड्यांना पंपावरचा रस्ते कर ठेवलेलाच नाही. तिथे हजार-हजार किलोमीटरचा परवाना आधी विकत घ्यायचा. १ एप्रिल २०२४ पासून तिथल्या छोट्या इलेक्ट्रिक गाड्याही त्यात आल्या, हजार किलोमीटरला ७६ डॉलर.

आता जे तुम्हाला आवडणार नाही तेही सांगतो, कारण लपवून उपयोग नाही. नुसतं अंतर मोजून न्याय होत नाही. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून, त्यावर ट्रक फिरवून एक मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला नियम जगभरचे रस्ता अभियंते अजून वापरतात: आसावरचं, म्हणजे अ‍ॅक्सलवरचं, वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होते. छोट्या कारच्या एका आसावर सहाशे किलो येतात असं धरा आणि ट्रकच्या मागच्या आसावर दहा टन दोनशे किलो. वजन सतरापट, झीज ऐंशी हजारपटीच्या वर. हा आकडा सांगितला की लोकांना खोटा वाटतो. पण चोपडा-यावल पट्ट्यात ज्यांनी डांबराची कामं केली त्यांना विचारा. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्या मातीवरचा रस्ता हजार मोटारसायकलींना दाद देत नाही, आणि वाळूचे दहा-बारा डंपर रोज गेले की एका पावसाळ्यात त्याच्या कडा बसतात.

जुलै २०१८ मध्ये केंद्राने चार टायरच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. वाहतूकदारांना वाटलं सव्वा टनच वाढलं. झिजेच्या नियमाने तो आस रस्त्याला पूर्वीच्या दीडपटीहून जास्त, जवळपास १.६ पट मारतो. रस्ते मात्र जुन्याच हिशेबाने बांधलेले होते.

टोलमध्ये हा फरक उतरलाय का? राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क नियमांत २००७-०८ सालचे मूळ दर आहेत: कारला किलोमीटरला ६५ पैसे, दोन आसांच्या ट्रकला २ रुपये २० पैसे, तीन आसांच्या गाडीला २ रुपये ४० पैसे, चार ते सहा आसांच्या गाडीला ३ रुपये ४५ पैसे. हे दर दरवर्षी वाढत जातात, पण आपसांतलं प्रमाण तेच राहतं. ट्रकने ऐंशी हजारपट द्यावं असं मी म्हणत नाही. पूल, भराव, रुंदी, चौक यांचा खर्च कारसाठीही तेवढाच असतो आणि पाण्यानेही रस्ता खराब होतोच. पण झिजेचा वाटा वजनाकडून घ्यायचा असेल, तर पट्टी आसावर लावावी. न्यूझीलंडमध्ये तसंच आहे. तोच माल जास्त आसांवर वाटून नेला की दर उतरतो. मालकाला जास्त आसांची गाडी घेण्यात फायदा दिसतो आणि रस्ताही वाचतो.

तुमच्या धंद्यातली खरी अडचण परतीची आहे. दिल्लीहून गाडी अर्धी किंवा रिकामी आली, तर तिने भरल्या गाडीचा दर का द्यावा? स्वित्झर्लंडने १ जानेवारी २००१ पासून अवजड गाड्यांना वजन गुणिले अंतर असा कर लावला, पण तिथे गाडीची कमाल परवानगीची क्षमताच धरतात, गाडी रिकामी असली तरी. आपण तसं करू नये. चालत्या गाडीचं वजन घेणारे काटे आपल्या टोलनाक्यांवर बसवले गेले आहेत; ते ओव्हरलोड पकडण्यापुरते न ठेवता त्यांच्यावर रिकाम्या फेरीचा दर वेगळा काढता येईल. अशी मागणी तुमच्या वाहतूकदार संघटनेने लावून धरली पाहिजे. आणि स्विस लोकांची एक गोष्ट मात्र जरूर घ्यावी. त्या करातला दोन तृतीयांश वाटा केंद्र सरकारकडे जातो आणि त्यातून आल्प्सखालचे रेल्वे बोगदे झाले, २०१६ ला सुरू झालेला ५७ किलोमीटरचा गोटहार्ड बोगदा त्यांतलाच. सावदा आणि रावेर स्टेशनांवरून केळी रेल्वेने गेल्याचं तुम्ही-आम्ही पाहिलंय. ट्रककडून घेतलेल्या पैशातून तिथला धक्का आणि शीतगृह होणार असेल, तर केळीवाल्याला त्या कराचं काही मिळालं असं म्हणता येईल.

प्रश्न: काका, मी अमळनेरहून रोज स्कूटीने पलीकडच्या गावातल्या शाळेत जाते. माझ्या स्कूटीलाही मीटर बसवणार का?
— शिक्षिका, अमळनेर

उत्तर: ताई, बसवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या टोलमधून दुचाकी आजही वगळलेल्या आहेत. लिटरला पन्नास किलोमीटर देणारी स्कूटी मघाच्याच दराने किलोमीटरला चाळीस पैसे कर पेट्रोलमधून देते आणि रस्त्याची झीज म्हणाल तर जवळपास शून्य. दुचाकीकडून किलोमीटरचा कर घ्यायला जो खर्च येईल, त्यातच वसुली संपेल.

प्रश्न: आमचं दुकान जळगावात महामार्गालगत आहे. परदेशात म्हणे गाड्यांना पैसे लावले आणि गर्दी पळाली. आपल्याकडे आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली इथे संध्याकाळी उभं राहवत नाही. किलोमीटरच्या कराने ही गर्दी कमी होईल का?
— दुकानदार, जळगाव

उत्तर: भाऊ, नुसत्या किलोमीटरच्या कराने नाही. उलट चुकीचा लावला तर वाढेल. ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण धोरण करणाऱ्यांच्याही ध्यानात ती कधी कधी राहत नाही.

सुरत-नागपूर महामार्ग जळगाव शहराच्या मधून गेला. त्याला पाळधी ते तरसोद असं बाह्यवळण काढलं. आता समजा, प्रत्येक किलोमीटरला सारखाच दर लावला. जो रस्ता अंतराने कमी, तो ट्रकवाल्याला स्वस्त. म्हणजे बाह्यवळण लांब पडत असेल तिथे सारखा दर ट्रकला शहरातून जायचं आमंत्रण देतो. म्हणून दर जागेप्रमाणे हवा: बाह्यवळणावर जवळपास नाही, आणि शहरातून आरपार जाणाऱ्या अवजड गाडीला चढा. जर्मनीत २००५ मध्ये बारा टनांवरच्या ट्रकना किलोमीटरचा कर आधी फक्त द्रुतगती मार्गांवर लावला. काही ट्रक कर चुकवायला साध्या रस्त्यांवर, गावांतून जाऊ लागले. शेवटी २०१८ मध्ये त्यांनी सगळे केंद्रीय महामार्ग त्यात घेतले. आपल्याकडे टोलनाका चुकवून गावातून ट्रक काढणं हे नित्याचं आहे. शिरपूरला असताना माझ्या ताब्यात असलेले गावरस्ते अशाच ट्रकांनी फोडले. ते रस्ते बैलगाडी, ट्रॅक्टर आणि एसटीसाठी केलेले, जाडीला कमी. त्यावर बारा चाकी गेली की खडी वर यायची, आणि दुरुस्तीचा पैसा महामार्गाच्या टोलमधून एक रुपयाही मिळायचा नाही. ग्रामपंचायतीचे लोक आमच्या दारात येऊन बसायचे, आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं.

परदेशात गर्दी हटली ती वेळेप्रमाणे आणि जागेप्रमाणे लावलेल्या दराने. लंडनने फेब्रुवारी २००३ मध्ये शहराच्या मध्यभागात येण्यावर पैसे लावले. स्टॉकहोमने २००६ मध्ये सात महिने करून पाहिलं, हद्दीवरून जाणाऱ्या गाड्या साधारण एक पंचमांश कमी झाल्या. आधी लोकांचा विरोध होता. फरक डोळ्यांना दिसल्यावर शहराने मतदानात कौल दिला आणि ऑगस्ट २००७ पासून तो कायम झाला. पण तिथे गाडी घरी ठेवली तर मेट्रो आणि बस दारात येते. जळगावात तुमचं गिऱ्हाईक गाडी घरी ठेवून येईल कशाने? शहर बससेवा धड चालेपर्यंत इथे गर्दीचा कर मागायला मी तयार नाही. तुमच्या चौकांत लागतात समांतर रस्ते, उतरणाऱ्या प्रवाशांसाठी रिक्षाथांबा आणि अवजड गाड्यांना बाह्यवळणाची सक्ती. ही कामं कराच्या आधीची आहेत.

प्रश्न: न्यायालयाच्या आदेशाने कन्नड घाटातून जड वाहनं बंद झाली. आमच्या गाड्या नांदगावकडून वळसा घालून जातात. किलोमीटरवर कर लागला तर वळशाचाही पैसा आम्हीच भरायचा?
— ट्रकमालक, चाळीसगाव

उत्तर: नाही भरायचा. सरकारने किंवा न्यायालयाने सुरक्षेसाठी जो मार्ग बंद केला, त्याच्या वळशाचे वाढीव किलोमीटर मोजणीतून वगळले पाहिजेत. तुमचं डिझेल आणि वेळ आधीच जास्त जातोय. वळणमार्गावरच्या गावांचे रस्ते जे झिजतात त्यांना मात्र दुरुस्तीचा वेगळा पैसा मिळावा, आणि तो मुख्य मार्गाच्या निधीतून. हे नियमात लिहून घेतलं नाही तर कोणी आपणहून देणार नाही.

प्रश्न: आमच्याकडे धडगाव तालुक्यात दवाखाना, कॉलेज, कोर्ट, बाजार सगळं लांब. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की शहाद्याकडून फिरून जावं लागतं. जो लांब राहतो त्यालाच तुम्ही जास्त कर लावता. शहरात दोन किलोमीटर फिरणाऱ्याला कमी. यात न्याय कुठे?
— आश्रमशाळेतील कर्मचारी, धडगाव

उत्तर: सर, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. धडगावला मी राहिलोय. बाळंतपणाची बाई जीपमधून घाट उतरताना पाहिली आहे. तिथला माणूस हौसेने लांब जात नाही. दवाखाना, तहसील, कॉलेज त्याच्याजवळ नेलं गेलं नाही म्हणून त्याला जावं लागतं.

पण तुमचा आक्षेप आजच्या कराला जास्त लागू पडतो. तुमच्या भागात चालणारी जुनी जीप घाटात लिटरला दहा किलोमीटर देते. डिझेलवरच्या मे २०२२ च्या १५ रुपये ८० पैशांच्या हिशेबाने तिच्यातले प्रवासी किलोमीटरला १ रुपया ५८ पैसे कर भरतात. नाशिकमधली नवी डिझेल कार वीस किलोमीटर देत असेल तर तिचा मालक ७९ पैसे भरतो, आणि बॅटरीची कार असेल तर काहीच नाही. म्हणजे गरीब प्रवासी, जुनी गाडी, घाटाचा रस्ता यांच्यावर आजचा कर सर्वात जड आहे. इंधनावरचा रस्ते कर काढून सगळ्या हलक्या गाड्यांना किलोमीटरचा सारखा दर लावला, तर तुमच्या जीपचा बोजा थोडा उतरेल. जुन्या गाडीचा धूर जास्त हे खरं आहे, आणि शहरवाले तो मुद्दा काढतील. त्याला उत्तर एसटी आणि नव्या जीपसाठी स्वस्त कर्ज हे आहे. धडगावच्या प्रवाशाकडून दुप्पट वसुली करून धूर कमी होत नाही, कारण त्याच्याकडे दुसरी गाडीच नाही.

तरी मी त्यावर थांबणार नाही. अक्राणी (म्हणजे तुमचा धडगाव) आणि अक्कलकुवा या तालुक्यांत हलक्या गाडीला किलोमीटर कर शून्य असावा. जिथे सरकारने सोय दिली नाही तिथे सरकारने अंतराचा पैसा मागू नये. एसटीलाही शून्य, सगळीकडे. एक भरलेली बस किती जीपा आणि मोटारसायकली रस्त्यावरून उचलते ते आम्ही वाहतूक गणनेत रेघा मारून पाहिलं आहे. आणि तिसरं, या करातला ठराविक वाटा तालुक्याच्या नावाने वेगळा ठेवून घाटातल्या दरडी, जाळ्या, संरक्षक भिंती आणि मोऱ्या यांवरच खर्च व्हावा. खात्यात असताना दर पावसाळ्याआधी मी मोऱ्यांच्या साफसफाईचा अंदाज करून पाठवायचो. मंजुरी पाऊस सुरू झाल्यावर यायची, तोवर मोरी तुंबून रस्ता वाहून गेलेला असायचा. त्या साफसफाईचा खर्च वाहून गेलेल्या रस्त्यापुढे काहीच नव्हता. निधी तालुक्याच्या नावाने आधीच बांधलेला असता तर ते काम एप्रिलमध्ये झालं असतं. किलोमीटरच्या कराबद्दल मला आस्था आहे ती मुख्यतः यासाठी: गाडी कुठल्या रस्त्यावर चालली हे कळतं, तेव्हा पैसा त्याच रस्त्याकडे परत पाठवता येतो. पंपावरच्या कराला हे जमत नाही. डिझेल शहाद्यात भरलं आणि झिजला धडगावचा घाट, तर त्या घाटाचा हिशेब कुठेच लागत नाही.

प्रश्न: सर, किलोमीटर मोजायचे म्हणजे उपग्रहाने माग ठेवणार. मी कुठे जातो, कोणाला भेटतो हे सरकारला का कळावं?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर: बेटा, कळू नये. आणि त्यासाठी उपग्रह लागतही नाही. न्यूझीलंडमध्ये हलक्या गाडीचं साधं ओडोमीटर बघतात. ओरेगॉनमध्ये जीपीएस नसलेलं यंत्र निवडायची मुभा आहे. आपल्याकडे सप्टेंबर २०२४ मध्ये महामार्ग शुल्काच्या नियमांत बदल करून उपग्रहाधारित वसुलीची सोय घातली. असं यंत्र असलेल्या, नॅशनल परमिट नसलेल्या गाडीला रोज प्रत्येक दिशेला वीस किलोमीटरपर्यंत मोफत, अशी तरतूद होती. बंगळूर-म्हैसूर आणि पानिपत-हिसार या भागांत चाचणी झाली. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रालयाने खुलासा केला की १ मेपासून देशभर उपग्रह टोल सुरू करण्याचा निर्णय झालेला नाही, आणि निवडक नाक्यांवर नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे व फास्टॅग यांच्या मदतीने न थांबता वसुली करायचं ठरलं.

अंतरावर पैसे घेण्याचा आपल्या राज्यातला नमुना समृद्धी महामार्गावर आहेच. चढताना नोंद, उतरताना नोंद, मधल्या किलोमीटरचे पैसे. सुरुवातीला कारला किलोमीटरला १ रुपया ७३ पैसे दर होता, म्हणून नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटरला नऊशेच्या आसपास टोल पडायचा. तू मध्ये कुठे चहाला थांबलीस हे त्याला कळायची गरज नाही. जड गाड्यांना वजन आणि मार्ग दोन्ही मोजणारं यंत्र असावं, कारण तो धंदा आहे आणि त्यांचे मालक आजही जीपीएस लावतातच. खासगी गाडीला मात्र वर्षातून एकदा, विमा काढताना ओडोमीटरचा आकडा नोंदवला की पुरे. ओडोमीटर मागे फिरवणारे निघतील. त्यासाठी दंड जबर ठेवावा आणि सर्व्हिस सेंटरच्या नोंदीशी आकडा पडताळावा. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा सरकारी यंत्रणांना बऱ्याच सवलती देतो, म्हणून मी त्याच्यावर विसंबत नाही. जी माहिती गोळाच केली नाही ती फुटणार नाही.

प्रश्न: आमचं गाव टोलनाक्यापासून सहा-सात किलोमीटरवर. शेतात आणि तालुक्याला जाताना दर वेळी पूर्ण टोल कापला जातो. किलोमीटरचा कर येईल तेव्हा येईल, आज काय करायचं?
— शेतकरी, धुळे तालुका

उत्तर: नाना, आज करण्यासारखं आहे. नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्याच्या खासगी, म्हणजे धंद्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या गाडीला महिन्याचा स्थानिक पास मिळतो. २००८ च्या नियमांत त्याचा मूळ दर १५० रुपये होता, २०२५-२६ साठी तो ३५० रुपये होता. नाक्याच्या कार्यालयात गाडीचं आरसी बुक आणि त्या गावचा पत्ता असलेला पुरावा घेऊन जा, गाडीला फास्टॅग असू द्या. पास त्या एकाच नाक्यापुरता चालतो. ट्रॅक्टरला टोल नाही, तेव्हा ट्रॅक्टरचे पैसे मागितले तर देऊ नका. महिन्यातून एखाद-दुसरीच फेरी होत असेल तर पास परवडणार नाही. त्यापेक्षा चोवीस तासांच्या आत परत येत असाल तर दोन्ही वेळचा मिळून दीडपट टोल लागतो, दुप्पट नाही, एवढं फास्टॅगच्या संदेशात तपासून पाहा. आणि नाशिक, इंदूर, सुरत अशा फेऱ्या घरच्या कारने वारंवार होत असतील, तर १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला वार्षिक पास घ्या; सुरुवातीला तो ३,००० रुपयांचा होता. एक वर्ष किंवा दोनशे फेऱ्या, जे आधी संपेल तोवर तो राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांवर चालतो. समृद्धीवर तो चालत नाही. तुमची गाडी पिकअप असेल आणि पांढऱ्या पाटीची नसेल, तर यांतला कोणताच पास तिला मिळणार नाही. भाजीपाला स्वतःच्या शेतातून नेणाऱ्या शेतकऱ्याच्या पिकअपलाही स्थानिक पास मिळावा, असा अर्ज मी जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने तयार करतो आहे. तुमच्या गावातल्या पिकअपवाल्यांच्या सह्या आणि सातबाऱ्याच्या प्रती मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, त्यासोबत जोडतो.